पडद्यावरचे चौऱ्याण्णव

बबिताचं पोरगं तुमच्या कंपनीच्या यंत्रापुढं दगावलं आणि आळ तुम्ही बबितावर घातलात. साहेब, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढं मी बरंच बडबडणार आहे आणि तुमच्यासारख्यांना अर्धं वाचून बाजूला ठेवायची सवय असते. तुमचा माणूस पुण्याहून गाडी करून आला, यंत्राचं बटण बंद केलं, चालू केलं, आकडा आला, आणि चौकशीवाल्यांना सांगून गेला की यंत्रात दोष नाही, बाळाची आई समोर बसलेली असून तिनं वेळेत कळवलं नाही. त्या एका वाक्यावर माझी बहीण आज उमापूरच्या शिवारात सासरच्यांच्या मेंढरांमागं फिरते आणि पालावरचं कुणी तिच्या हातात कोकरू देत नाही. मी तिचा थोरला भाऊ, जीवन. बीडला राहतो. दवाखान्यांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करतो. शिकलो म्हणाल तर मोबाईलच्या दुकानात बसून शिकलो, इंग्रजी तर पडद्यावर येणाऱ्या चुकांच्या ओळी वाचून शिकलो, त्यामुळं मला गोड लिहिता येत नाही आणि यायला नको.

तुमचं ते यंत्र माझ्याकडं फिरत फिरत आलं. जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या दुरुस्तीचा ठेका एकाकडं आहे आणि त्याला न उलगडणारं सगळं तो माझ्या खोलीत आणून टाकतो. पाठीवर भाचा गेला त्या दवाखान्याचं नाव रंगवलेलं होतं, म्हणून ओळखलं. बरेच दिवस मी त्याला हात लावला नाही. खाटेखाली सरकवून ठेवलं, तर झोपेत कूस बदलताना ते खाली आहे हे पाठीला कळायचं. मग एका दुपारी उचललं. खाली टायरचं दुकान आहे, तिथला हवा भरायचा पंप धडधडत होता, जिन्यातून तापलेल्या रबराचा वास वर येत होता. मी रक्तातला प्राणवायू मोजणारी क्लिप बोटाला लावली, वायर सैल वाटली म्हणून काढून पुन्हा खोचली, पडद्यावर सत्त्याण्णव आले. खालून चहा आला होता. ग्लास तोंडाला लावून मी पडद्याकडं बघत राहिलो. सत्त्याण्णव. खिडकीतून रस्त्यावर बघितलं, परत पडद्याकडं बघितलं, सत्त्याण्णवच. बरं वाटलं. खोटं सांगत नाही, खांदे सैल झाले, आत कुठंतरी कुणी बसकण मारावी तसं वाटलं. आणि मग ग्लासाचा चटका बसला. उजव्या हाताचं बोट ग्लासाला चिकटलेलं होतं. उघडं बोट. क्लिप टेबलावर आ वासून पडलेली. मी ती चहा घेताना काढून ठेवली होती आणि पडदा अजून माझा श्वास दाखवत होता.

मी ओरडलो वगैरे नाही. चहा संपवला. मग डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली, की मघाशी जे मला बरं वाटलं ना, ते माझं नव्हतं, ते बबिताचं होतं. तिनं मला दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं होतं, पोरगं कापडात गुंडाळून मांडीवर होतं, आणि ती त्याच्याकडं न बघता समोरच्या लिंबाकडं बघत म्हणाली होती, "दादा, आकडा लई चांगला व्हता रं. चौऱ्याण्णव. हालत बी नव्हता." तेव्हा मला त्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ लागला नव्हता. मी ऐकलं, मान हलवली, रिक्षा बघायला गेलो. आता कळलं. तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्यात संध्याकाळी मेंढरं जाळीत घेताना मोजतात. आबा, म्हणजे आमचे वडील म्हाळू, जाळीच्या तोंडाशी उकिडवे बसायचे, एकेकाच्या पाठीवर काठीचं टोक टेकवत ओठातल्या ओठात आकडा चालायचा, आणि तेवढा वेळ पालावर कुणी बोलायचं नाही. आई बायडाबाई तव्यावरची भाकरी सुद्धा उलटायची थांबायची. शेवटचं मेंढरू आत गेलं की आबा म्हणायचे, "तेवढाच हाय." बस. त्या तेवढाच म्हणण्यानं सगळं पाल ढिलं पडायचं, भाकरी उलटायची, आई काहीतरी टोमणा मारायची, कुत्री आडवी व्हायची. आकडा बदलला तर भीती. आकडा तोच तर सगळी जागेवर आहेत, लांडगा आला नाही, कुणी मागं राहिलं नाही, झोपा. बबिता मोजायला तिथं शिकली, आबांच्या गुडघ्याला टेकून. शाळेत ती गेली नाही, गेली असती तरी हे तिच्या अंगातून कुणी काढू शकलं नसतं. आता अशा बाईला तुम्ही न हलणाऱ्या आकड्यापुढं बसवलंत. शहरातली एखादी आई कदाचित म्हणाली असती की हे काय, मघापासून एकच कसा. माझी बहीण हात जोडून त्या आकड्याकडं बघत बसली, तेवढाच हाय, तेवढाच हाय म्हणत.

पोरगं दिवस भरायच्या आत झालेलं, आबांच्या पंजात मावलं असतं एवढं. खोलीत एक सिस्टर आणि बाळं कितीतरी. सिस्टर वाईट नव्हती, बिचारी पळत होती. तिनं बबिताला सांगितलं, कापड उघडायचं नाही, ऊब जाते, हात लावायचा नाही, ह्या आकड्याकडं बघ, काही झालं तर हे ओरडतं. बबितानं अक्षरशः तसं केलं. हात लावला नाही. मला तेच सगळ्यात जास्त खातं. कोकरू गार पडायला लागलं तर आमच्या बाया झोपेत ओळखतात, कुशीत घेतलेलं असतं ना, कातडीला कळतं. तिच्या कातडीला कळू दिलं नाही तुम्ही, मधे आकडा ठेवला. आणि आता केशरबाई, तिची सासू, पालावर आलेल्या प्रत्येकाला सांगते की समोर बसून हिनं लेकरू घालवलं. तशी केशरबाई तोंडाळ असली तरी दुष्ट नाही, तिचाही नातूच गेला. पण मेंढी व्यायली की कोकरू पुसून सुनेच्या हातात द्यायची पद्धत आहे, तर ती आता सुनेला ओलांडून शेजारच्या पालावरच्या पोरीला हाक मारते. बबिता उभी असते, पदर पसरलेला. मग पदर आवरते. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि जावई सिदू दुसरीकडं बघत जाळीची गाठ सोडत बसला, ती सुटलेलीच होती.

तर मी यंत्राचं पोट उघडलं. आत कर्नल असतो. तुम्हाला माहीत आहे, तुमच्या कंपनीच्या नावाखाली विकता, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला सगळ्यात खालचा कारभारी. प्रत्येक कामाला मेमरीत बसायला जागा तो देतो, काम संपलं की जागा परत घेतो आणि दुसऱ्याला देतो. दिवसभर त्याचा हाच धंदा. कर्नल साऱ्या जगाचा आहे, फुकट आहे, हजारो लोकांनी घासून पुसून ठेवलाय. त्यात क्लिपची वायर सांभाळणारा तुकडा तेवढा तुमच्या कंपनीचा. खोट त्या तुकड्यात असणार हा माझा अंदाज होता, पण अंदाजाला कोण विचारतं. सोडलेल्या जागेत विष पेरून ठेवायचं एक साधन मिळतं. परत दिलेल्या जागेत कुणी तोंड घातलं की ते जागच्या जागी धरतं आणि कुणी घातलं त्याचं नाव सांगतं. ते लावलं. मग बसून वायर काढायची, खोचायची, काढायची, खोचायची. बोटं सोलली. पंप खाली धडधडत होता आणि मला उगाच उमापूरचं ते शेत आठवत होतं.

अर्जुनराव म्हणून तिथले मोठे जमीनदार होते. शेताला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवायला त्यांनी आबांना जागा दिली होती, अमावास्येपर्यंत. एके दिवशी चारा लांब होता म्हणून आम्ही सगळेच मेंढरं घेऊन वर माळाला गेलतो, आईसुद्धा, बबिता तिच्या पाठीला. परतलो तर जागा नव्हती. म्हणजे शेत होतं, पण नांगरलेलं. ट्रॅक्टर येऊन गेला होता. आमच्या चुलीची राख ढेकळांत मिसळलेली, बबिताच्या झोळीचं कापड अर्धं मातीत, अर्धं वर, जातं बांधावर उलटं फेकलेलं. मेंढरं सवयीनं त्या ढेकळांत शिरली आणि पाय अडकून बें बें करायला लागली. आबा मधोमध उभे राहिले, हातात जाळीचं एक टोक, दुसरं टोक कुठं बांधायचं ते कळेना. अर्जुनराव आले, मनानं वाईट नव्हते, त्यांनाच लाज वाटत होती. म्हणाले, "अरं म्हाळू, मला वाटलं तुमी गेलात." आबांनी हातातलं जाळीचं टोक गुंडाळायला घेतलं. त्या नांगरटीचा ओला वास अजून माझ्या नाकात आहे. लहान होतो, मला फक्त हे कळेना की आपण जिवंत माणसं, रोज परतणारी, आपल्याला न विचारता आपण गेलो असं कुणाला कसं वाटू शकतं.

साधन ओरडलं तेव्हा पडद्यावर ओळी धडाधडा खाली पळाल्या, आणि मी त्या वाचल्या, आणि त्या ओळींत अर्जुनरावांचंच वाक्य होतं. वायर जरा निसटली की तुमचा तुकडा समजतो क्लिप गेली, आणि तिची जागा कर्नलला परत देऊन टाकतो. पण आकडा वाचणारं आणि धोक्याला ओरडणारं काम अजून त्या जागेचा पत्ता धरून बसलेलं असतं. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू गेलास का. कर्नल ती जागा दुसऱ्याला देतो, तिथं दुसऱ्याचा संसार मांडला जातो, आणि पहिलं आपलं घर समजून त्यात लिहायला लागतं. बऱ्याच वेळा काही होत नाही. एखाद्या वेळी कर्नलच्या स्वतःच्या नोंदी चुरगाळतात आणि तो जागच्या जागी थिजतो. अंधार होत नाही. पडदा उजळ राहतो, हिरवा दिवा चालू राहतो, शेवटचा आकडा तसाच. आता ऐका, आणि हे तुम्ही ऐकाच. तुमच्या क्लिपचा पट्टा लहान बाळाच्या पायाला मोठा होतो. भाच्याच्या पायावरनं तो सारखा निसटायचा, बबिता पुन्हा लावून घ्यायची, सिस्टरला हाका मारमारून. म्हणजे पोर जेवढं लहान, तेवढी वायर जास्त वेळा हलणार, तेवढं तुमचं यंत्र लवकर मरणार. ज्यांच्यासाठी विकलंत त्यांच्यावरच.

तुम्हाला फोन केला. तुम्ही घेतला नाहीत. शेवटी तुमच्याकडच्या तेजश्री मॅडमनं घेतला. आधी शुद्ध बोलत होती, तक्रार नोंदवली आहे वगैरे. मी उमापूरचा म्हणालो तर थांबली. म्हणाली मी लिंबागणेशची, आणि मग तिची भाषा खाली आली, भावकीत बोलावं तशी. तिला सगळं लगेच कळलं, मला अर्धं वाक्य सुद्धा पूर्ण करावं लागलं नाही. आणि तिनं मला ते सांगितलं जे तुम्ही सांगितलं नसतंत. यंत्राच्या पाटीवर एक वेगळी चिमुकली चिप असते, कर्नलनं तिला सारखा हात लावत राहायचं, हात लागला नाही की ती यंत्राला झटका देऊन परत उठवते. साऱ्या जगात तिला राखणीचं कुत्रं म्हणतात. तुमच्याकडं ती बंद करून ठेवलेली आहे, कारण एकदा मोठ्या लोकांसमोर यंत्र मांडलं होतं आणि ते मधेच उठून पुन्हा सुरू झालं, तुमची शोभा झाली. तेजश्रीनं तेव्हाच विचारलं होतं की ते का उठतंय ते आधी बघू का. तुम्ही म्हणालात, आधी हे थांबव. साहेब, आमचं कुत्रं भुंकलं तर आम्ही काठी घेऊन अंधारात बघायला जातो. भुंकणं ऐकवत नाही म्हणून त्याचं तोंड बांधणारा माणूस मी पालावर एकही बघितला नाही.

दुरुस्ती फार नाही. मोठं काहीतरी केल्याचा आव मला आणता येत नाही. जागेचा हात कुणी कुणी धरलाय त्याची मोजणी ठेवायची आणि शेवटचा हात सुटेपर्यंत जागा परत द्यायची नाही. काही ओळी. लिहिल्या, वायर पुन्हा ओढत बसलो, यंत्र मेलं नाही. कुत्रंही सोडलं. तेजश्रीला पाठवलं, तिनं तपासलं, दोन ठिकाणी माझी चूक दाखवली, दुरुस्त करून घेतली, आणि त्या ओळी पॅच म्हणून तुमच्या सगळ्या यंत्रांत गेल्या. माझ्या छातीत काही उजळलं वगैरे नाही. मेलेलं जनावर शिवून झाल्यासारखं वाटलं. मी एकच मागितलं होतं, त्या बदलाबरोबर एक वाक्य लिहा की ह्या खोटीनं यंत्र थांबायचं आणि आकडा तसाच राहायचा. ते वाक्य घेऊन मी चौकशीवाल्यांकडं गेलो असतो, केशरबाईकडं गेलो असतो. तुम्ही लिहिलंत, किरकोळ सुधारणा. ते मला तेजश्रीनंच फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाली, "जीवनदादा, पॅच माझ्या हातात व्हता, त्यो घेतला. वाक्य माझ्या हातात न्हाई."

तरी मी उमापूरला गेलो. कागद नसला तरी तोंड आहे. ऊन कलायला आलं होतं, पाल ओढ्याच्या कडंला होतं, बबिता एका मेंढीला पायांत धरून लोकरीतली कुसळं काढत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, जागा, वायर, थिजणं, कुत्रं. केशरबाई चुलीपाशी पाठ करून बसलेली, पण भाकरी थापायचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होती. मी म्हणालो, "बबे, यंत्र मेलतं. तू न्हाई चुकलीस." मला वाटलं ती रडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती कुसळं काढत राहिली, एकेक कुसळ चिमटीत धरून बाजूच्या दगडावर ठेवत होती, जणू परत लागणार आहेत.

मग म्हणाली, "कवा मेलं?"

"काय?"

"यंत्र. मी दूध पिळाया भाईर गेलते तवा, का आल्यावर?"

मी म्हणालो ते कळत नाही, तुमच्या माणसानं बटण बंद केलं तेव्हा यंत्राच्या पोटातलं सगळं पुसलं गेलं.

"कावून कळत न्हाई? समदं उघडलं म्हणतूस की तू." मेंढी पाय झाडत होती, तिनं तिला सोडलं आणि मोकळ्या हातांकडं बघत बसली. "दुपारच्या दोनच्या पाळीची सिस्टर आली तवाच मी परत आले. आन् त्याच्याशी बोलत बसले. लई येळ. हात लावायचा नव्हता ना, म्हून बोलत व्हते. आबांचं सांगितलं, तुजं सांगितलं, मामा तुला बीडला नील म्हणलं. नाव बी ठिवलं व्हतं मी मनात, ते बी सांगितलं त्याला. कुणाला ठाव न्हाई ते." ती थांबली. "त्यो ऐकत व्हता का न्हाई, एवढं कळू दे मला. दोष कुणाचा बी असू दे. केशरआत्यानं कोकरू न्हाई दिलं तरी चालंल. पर मी कुणाशी बोलत व्हते तेवढं कळू दे."

चुलीपाशी धूर झाला होता. केशरबाई उठली नाही, वळली नाही, पदरानं डोळे पुसले ते धुरानं असतील. एवढ्या ओळी वाचल्या, विष पेरलं, बोटं सोलली, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी बाईला निर्दोष करायला निघालो होतो, ती मला दुसरंच मागत होती.

ओढ्यापलीकडं जाऊन तेजश्रीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं की तुमचं प्रत्येक यंत्र चालू असेपर्यंत मिनिटामिनिटाला पुण्याला खूण पाठवतं, आणि कुठल्या यंत्राची शेवटची खूण किती वाजता आली हे तुमच्याकडं जपून ठेवलेलं आहे. ते उघडायची मुभा फक्त तुम्हाला. तिनं दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभं राहून मागितलं. तुम्ही म्हणालात, विषय संपला आहे.

संपलेला नाही. मला तुमची माफी नको, नुकसानभरपाई नको, किरकोळ सुधारणेवर माझं नाव नको. खूण येत होती तोवर यंत्र जागं होतं. यंत्र जागं होतं तोवर चौऱ्याण्णव खरे होते. चौऱ्याण्णव खरे होते तोवर पोरगं होतं, आणि आई बोलत असेल तर ऐकत होतं. एवढा साधा हिशेब आहे, पालावरच्या बाईला सुद्धा तो माझ्याआधी कळला. तुम्ही खुर्चीवरनं न उठता बघू शकता. बघा आणि सांगा. त्या दुपारी शेवटची खूण किती वाजता आली, साहेब? दोनच्या आधी, की नंतर?